मंगळावरची कालवे

रेडीच्या बंदरात पावसाळ्यात जहाज येत नाही. पण खाणीतून आणून ओतलेल्या लोहमातीचे ढीग तिथेच असतात. आषाढाच्या सरी त्यांना धुऊ लागल्या की गावातल्या वाटा, दगडी गडगे, मुलांच्या चड्ड्या आणि शाळेची पायरी यांचा रंग एकच होऊन जातो. एकोणीसशे पासष्ट सालच्या जुलै महिन्यात त्या तांबड्या पायरीवर उभे राहून काशीराम जुवाटकर मास्तर वेंगुर्ल्याहून येणाऱ्या एस.टी.ची वाट पाहत होते. तिच्यातून त्यांचा चुलतभाऊ धोंडू उतरणार होता. धोंडू बंदरावर ढिगांची राखण करी आणि अधूनमधून तोंडवलीला घरी जाऊन येई. तोंडवलीची बातमी कानावर पडेपर्यंत मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि ती पडल्यावर तर मुळीच उतरत नसे.

एस.टी. थांबली. धोंडू उतरला आणि डोक्यावर पिशवी धरून पायरीकडे धावला.

"आबा बरे आसत मां?" मास्तरांनी विचारले.

"आसत, आसत. आधी माका छत्रयेत तरी घे."

"परत गेले काय पाण्यात?"

धोंडूने तोंडावरचे पाणी निपटले. "गेले. परवा, भरतेच्या वक्ताक. शेजारच्या गुणाजीन बघल्यान म्हणान बरां. छातयेइतक्या पाण्यात उभे रवान हाका मारीत होते, 'शीड उतरा रे, वारो फिरलो!' गुणाजीन वडून भायर काढल्यान तर तेकाच गाळी दिल्यानी."

"नि सुभद्रा खंय होती?"

"वयनी चुलीकडे होती. ती तरी किती बघतली, काशीराम?" धोंडू जरा घुटमळला. "काल वयनीन तेंका बांधून ठेवल्यान. पडयेतल्या खांब्याक. आबा गप बसान होते. वयनीच रडत होती."

मास्तरांनी छत्री धोंडूच्या हातात दिली आणि ते वर्गात जाऊन बाराखडी घेऊ लागले.

आबा म्हणजे त्यांचे वडील. उभा जन्म त्यांनी गलबतावर तांडेलकी केली होती. वारा कुठून येतो, खडक कुठे दबा धरून बसला आहे, शीड केव्हा उतरवायचे, हे सारे त्यांच्या एका शब्दावर ठरत असे. दोन वर्षांपूर्वी त्यांची स्मृती ओसरू लागली. आधी माणसांची नावे गेली. मग गलबत विकले गेले आहे ही गोष्ट गेली. पाणी मात्र राहिले. भरती लागली की ते उठत आणि चालू लागत, आणि त्यांचे घर समुद्रापासून एका हाकेवर होते. घरात ते आणि सून सुभद्रा, अशी दोनच माणसे. मुलगा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोव्याच्या सीमेवर, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत होता.

रेडी आणि तोंडवली ही गावे एकाच जिल्ह्यात आहेत, असे सरकारी नकाशा सांगतो. नकाशाला एस.टी. बदलाव्या लागत नाहीत, मालवणपुढे चिखल तुडवावा लागत नाही आणि खाडी फुगल्यावर काठाला बांधलेल्या होडीकडे पाहत ताटकळावे लागत नाही. बदलीसाठी मास्तरांनी तीन अर्ज केले होते; तिन्ही योग्य त्या मार्गाने, योग्य त्या नमुन्यात, वडिलांच्या आजाराच्या दाखल्यासह. त्यांपैकी एकाचीही पोच आली नाही. नकारही आला नाही. नकार देण्यासाठीसुद्धा कोणीतरी अर्ज वाचावा लागतो, आणि तेवढे अगत्य या खात्याजवळ नाही.

अशा विवंचनेत दिवस काढणाऱ्या माणसाला एखादा विरंगुळा असतो. मास्तरांचा विरंगुळा मंगळ हा होता.

छप्पन सालच्या गणेशचतुर्थीच्या सुमारास मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. ढगांच्या फटीतून तो निखाऱ्यासारखा दिसे. त्या दिवसांत नुकतेच नोकरीला लागलेल्या काशीरामाने वाचनालयातून खगोलावरचे एक जुने, कसर लागलेले पुस्तक आणले आणि त्यातला मंगळाचा नकाशा पाहून तो खुळावला. नकाशावर काळसर डाग होते आणि त्या डागांना जुन्या ज्योतिर्विदांनी समुद्रांची व सरोवरांची नावे दिली होती. डागांना जोडणाऱ्या बारीक रेघाही होत्या. त्या रेघा म्हणजे मंगळावरच्या बुद्धिमान रहिवाशांनी खणलेले कालवे, असे काही विद्वानांचे मत होते; दुसऱ्या काहींच्या मते तो नुसता डोळ्यांचा भास होता. कालव्यांवर मास्तरांचाही फारसा विश्वास नव्हता. इतक्या दुरून इतक्या सरळ रेघा दिसाव्यात, हे त्यांना पटत नसे. परंतु तळ्यांवर त्यांचा विश्वास होता. तिथे कधीकाळी पाणी साचले असेल, मग आटले असेल आणि मागे तळाचा गाळ तेवढा राहिला असेल, हे त्यांना अगदी घरचे वाटे.

गेल्या उन्हाळ्यात त्या विश्वासाला एक आधार मिळाला. शाळेच्या मागे विहीर खणताना वरची तांबडी माती संपली आणि खाली राखाडी चिखल लागला. तो चिखल साधा नव्हता. पुस्तकाची पाने एकावर एक बसावीत तसे त्याचे पातळ थर होते आणि त्या थरांत कालवांच्या शिंपा होत्या. आज तिथून खाडी दिसतसुद्धा नाही. मास्तरांनी सारा वर्ग विहिरीच्या काठावर नेला आणि थर दाखवून म्हणाले, "वाहणारे पाणी गोटे आणून टाकते. थांबलेले पाणी गाळ बसवते, थरावर थर. हा गाळ आणि या शिंपा म्हणजे पुरावा. आज इथे पाणी नाही, पण एके काळी होते. पाणी गेले तरी त्याची साक्ष जमिनीत राहते." मुलांनी शिंपा खिशात भरल्या. घरी जाऊन मारही खाल्ला असेल.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वृत्तपत्रात बातमी आली, की अमेरिकेने सोडलेले एक यान मंगळाजवळून जाणार असून ते त्या ग्रहाची छायाचित्रे काढणार आहे. मास्तर हरखले. त्यांनी भूगोलाचा तास बाजूला ठेवला, फळ्यावर खडूने मंगळ काढला, त्यावर तळी काढली आणि विहिरीतली एक शिंप हातात धरून सांगितले, की इथे जसे खाडीचे पाणी होते आणि गेले, तशीच मंगळावरही प्राचीन काळी तळी असली पाहिजेत. हे यान तिथल्या आटलेल्या तळ्यांचा पुरावा आणील. आणि बोलण्याच्या भरात, केवळ विषय पुरा व्हावा म्हणून, ते आणखी एक वाक्य बोलून गेले: "मंगळावर कालवे आहेत, असेही काही लोक म्हणतात."

या एका वाक्याने घात केला.

कोकणातल्या मुलाने कालवा पाहिलेला नसतो. पाणी शेतात नेणाऱ्या चराला इथे पाट म्हणतात. मास्तरांनी पाट म्हटले असते तरी निभावले असतेच असे नाही. मंगळावर कोणी कोणाशी पाट लावला, याची चौकशी सुरू झाली असती. पण ते पुस्तकी माणूस. त्यांनी पुस्तकातला शब्द वापरला. आणि या किनाऱ्यावर कालव म्हणजे खडकाला चिकटलेला, कोयतीने फोडून काढायचा, भाताबरोबर खायचा जीव. मास्तरांच्या तोंडी कालवे आणि हातात कालवाची शिंप. मुलांनी दोन आणि दोन चार केले आणि संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितले, की मंगळार कालवां आसत.

दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारात गेले, तेव्हा खाडीत कालवे काढून विकणारी हिरा टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिची नात मास्तरांच्याच वर्गात होती.

"मास्तरांनू," हिरा मोठ्याने म्हणाली, "मंगळार कालवां गावतत म्हणतास, तां खरां?"

तिच्या शेजारी सुंगटे म्हणजे कोळंबी निवडणाऱ्या यशोदेने मान वर केली. "मंगळार? आज तर बुधवार. आता फुडच्या मंगळारापर्यंत काय करूचां गो?"

"अगो, वारातलो मंगळार नाय तो. वयलो मंगळ. आभाळातलो."

"वयलो? मगे होडी थंयसर लागतली कशी?"

"तां मास्तरांका इचार. सरकारचो पगार खातत ते!"

बाजार हसला. मास्तरही कसनुसे हसले. "हिराबाय, मी कालवां म्हटलंय नाय. कालवे म्हटलंय. पाण्याचे."

"कालवां पाण्याचीच असतत, मास्तरांनू," हिरा म्हणाली. "डोंगरार खंय गावतत?"

मास्तरांनी बांगडे घेतले आणि ते परतले. पण पाठीमागून येणारे हसणे त्यांना घरापर्यंत सोडायला आले. थट्टेचे त्यांना भय नव्हते. थट्टा करून बाजार मोकळा होतो. त्यांना भय होते ते न हसणाऱ्या माणसाचे. अशी माणसे प्रत्येक गावात असतात. ती हसत नाहीत, भांडत नाहीत. ती घरी जातात, दाराला कडी लावतात आणि दौत उघडतात.

निनावी अर्ज कोणी केला, हे शेवटपर्यंत कळले नाही. कोणाला मास्तरांच्या जागी आपला भाचा हवा असेल, कोणाच्या मुलाला त्यांनी नापास केले असेल. अर्जात लिहिले होते, की श्री. जुवाटकर हे विद्यार्थ्यांस मंगळ ग्रहावर खाण्याची कालवे मिळतात असे असत्य शिकवितात व भूगोल बुडवितात. सहीचे तीन अर्ज ज्या कचेरीत वर्षभर निपचित पडून होते, त्याच कचेरीत या बिनसहीच्या कागदाला पाय फुटले. आठवडा उलटायच्या आत मास्तरांच्या नावाने ज्ञापन आले: जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर असून ते कसालच्या शाळेत मुक्काम करतील, तिथे समक्ष हजर राहून खुलासा करावा.

खुलासा सोपा होता. कालव नव्हे, कालवा. मोठमोठ्या ज्योतिर्विदांनी ज्यांचे नकाशे काढले ते कालवे. मास्तर आरशापुढे उभे राहून तो खुलासा घोकू लागले आणि त्याच सुमारास, पावसाने दोन दिवस अडवलेले वृत्तपत्र हाती आले. पहिल्या पानावर मंगळाची छायाचित्रे होती. अंधुक, करडी. त्यांत कालवे नव्हते. तळी नव्हती. चंद्रावर असतात तसे खळगे होते, कोरडे, एकाला लागून एक. खाली लिहिले होते, की मंगळ हा मृत व शुष्क ग्रह असावा.

मास्तर ते पान हातात धरून पायरीवरच बसले. त्यांचा खुलासाच वाहून गेला होता. खाण्याची कालवे शिकवली असे म्हणावे तर हसे. खणलेले कालवे शिकवले असे म्हणावे तर तेही आता असत्य. आणि पुढचा विचार याहून वाईट होता. चौकशी लांबली तर ती संपेपर्यंत बदलीचा विषय निघायचा नाही. दोष सिद्ध झाला तर तो सेवापुस्तकात चढेल, आणि शेरा चढलेल्या मास्तराला सोयीचे गाव कोण देतो? तोवर सुभद्रा दोरी कुठवर धरील? गाठ एखाद दिवशी सैल बसेल. गुणाजी एखाद दिवशी बाजारात गेलेला असेल. त्यांनी डोळे मिटले की छातीइतक्या पाण्यात उभे असलेले आबा दिसत, म्हणून रात्रीही ते डोळे मिटेनासे झाले.

कसालच्या शाळेबाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक व्हरांड्यात बसलेल्यांवर चिखल उडवून जाई. मास्तरांनी परीटघडीचे धोतर नेसले होते. बोलावणे येईपर्यंत त्याची परीटघडी राहिली नव्हती. हातातल्या पिशवीत वृत्तपत्राचे ते पान होते, आणि का आणली हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते, पण विहिरीतली एक शिंप होती. थरांचा राखाडी गाळ अजून तिला चिकटलेला होता.

आत साहेब बसले होते. घाटावरचे गृहस्थ, धिप्पाड, कोकणातल्या पावसाने वैतागलेले. त्यांच्या डाव्या हाताला त्यांचा कारकून गणपत पेडणेकर फायली मांडून बसला होता. पेडणेकर मालवणकडचा होता. मास्तरांनी त्याला एकदोनदा कचेरीत पाहिले होते, अर्ज देताना.

साहेबांनी तक्रार वरवर चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मंगळावर कालवे आहेत असे तुम्ही शिकवलेत?"

"होय, साहेब. म्हणजे..."

"मग यात तक्रारीसारखे काय आहे? आम्हीही शाळेत तेच शिकलो. आमच्या गावाला उसासाठी कालवा आहे. त्यात काय बिघडले?"

पेडणेकर खाकरला. "साहेब, ते कालवे नव्हेत. ती कालवे."

"ती?"

"नपुंसकलिंगी, साहेब. खायची असतात. खडकाला चिकटलेली. शिंपल्यात."

साहेबांनी टेबलावरचा हात मागे घेतला. "शिंपल्यात? जिवंत?"

"फोडेपर्यंत जिवंतच, साहेब."

साहेबांच्या चेहऱ्यावर शिसारी आली आणि ती तक्रारीवरून सरकत सरकत मास्तरांवर येऊन थांबली.

"गुरुजी, तुम्ही कोणती शिकवलीत? ते की ती?"

"ते, साहेब. पाण्याचे. जुन्या ज्योतिर्विदांनी..."

"वृत्तपत्र वाचता की नाही?" साहेबांनी घडी घातलेले तेच पान समोर टाकले. "कालवा नाही, नदी नाही, काही नाही. नुसते खळगे. म्हणजे पुल्लिंगी धरले तरी चूक, नपुंसकलिंगी धरले तरी चूक. आता बोला."

मास्तर घोकलेले सारे विसरले होते. जे घोकले नव्हते ते ओठांवर आले. "साहेब, कालवे नसतीलच. माझाही त्यांवर विश्वास नव्हता. पण तळी... ही छायाचित्रे एका अरुंद पट्ट्याची आहेत. सबंध ग्रहाचा शंभरावा हिस्सा फार तर. एवढ्यावरून तिथे पाणी कधीच नव्हते, असे कसे म्हणावे? पाणी गेल्यावरही गाळ राहतो, साहेब. त्याचे थर राहतात. हे पाहा." आणि त्यांनी पिशवीतली शिंप काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

ती ठेवायला नको होती.

"हे काय आहे?"

"पुरावा, साहेब."

"उचला ते!" साहेब खुर्ची सरकवून उठले. "ही ती कालवे! आणि म्हणे मी शिकवली नाहीत! पिशवीत घालून हिंडता, गुरुजी! पेडणेकर, अगदी समुद्राच्या तोंडावर, जिथे माणूस सहज पोहोचत नाही, अशी कुठली शाळा रिकामी आहे? यांना शिंपल्यांची हौस आहे ना, तिकडेच पाठवू. बसा म्हणावे मोजत."

पेडणेकराने यादीवरून बोट फिरवले. "दोन जागा आहेत, साहेब. एक देवगडाकडे..." त्याचे बोट खाली सरकले आणि थांबले. "दुसरी तोंडवली."

मास्तरांच्या कानांत भरतीसारखा आवाज होऊ लागला.

"हे तोंडवली कुठे आले?"

पेडणेकराने मान वर केली आणि मास्तरांकडे पाहिले. त्याला सगळे ठाऊक होते. तिन्ही अर्ज त्यानेच हातात घेतले होते, तिन्हींवर तोंडवली हेच नाव होते, वडिलांच्या आजाराचा दाखला त्यानेच टाचला होता. आता तो सांगणार, की साहेब, हे तर यांचे राहते गाव.

पेडणेकराला क्षणभर कचेरीतले आपले कपाट आठवले असावे. ते अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंत का पोहोचले नाहीत, हा प्रश्न त्या कपाटातून बाहेर पडला असता.

"फार गैरसोयीचे गाव, साहेब," तो म्हणाला. "एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी. पावसात होडीसुद्धा बंद पडते. वीज नाही. तिथे कोणी जाऊ पाहत नाही."

"उत्तम. तिकडेच." साहेब पुन्हा बसले. "पण आधी लेखी कबुली. ती दिली तर आजच हुकूम देतो आणि प्रकरण मिटवतो. वाद घालायचा असेल तर रीतसर चौकशी होईल. तोवर आहात तिथेच राहा. घ्या पेडणेकर, लिहा."

पेडणेकराने लिहिले आणि कागद फिरवून मास्तरांपुढे ठेवला. अक्षर सुरेख होते. मंगळ ग्रहावर खाण्याची कालवे असल्याचे मी विद्यार्थ्यांस सांगितले. ते असत्य आहे. सदर ग्रहावर पाणी कधीही नव्हते, हे मला मान्य आहे.

पहिले वाक्य खोटे होते. पण ते हास्यास्पद होते, आणि हास्यास्पद खोट्यावर सही करताना माणसाचा हात फारसा अडत नाही. मास्तरांचा हात तिसऱ्या वाक्यावर अडला. "पाणी कधीही नव्हते." हे कोणी पाहिले होते? साहेबांनी? पेडणेकराने? विहिरीच्या काठावर उभे राहून ज्या मुलांना त्यांनी सांगितले होते, की पाणी गेले तरी साक्ष राहते, ती मुले त्यांच्या डोळ्यांपुढे आली. 'कधीही' हा शब्द तेवढा काढता येईल का, असे विचारावे म्हणून त्यांनी तोंड उघडले.

"काही शंका?" साहेबांनी विचारले.

शंका विचारली तर वाद होईल. वाद झाला तर चौकशी. चौकशी म्हणजे श्रावण, भाद्रपद, अमावास्यांची उधाणे, आणि पडवीतल्या खांबाला बांधलेली दोरी.

"नाही, साहेब," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

हुकूम हातात पडल्यावरही त्यांना धीर आला नाही. चेहरा पडलेला ठेवणे आवश्यक होते. शिक्षा झालेला माणूस जसा दिसतो तसे दिसत ते व्हरांड्यातून खाली उतरले, तसेच दिसत थांब्यावर उभे राहिले आणि एस.टी.त बसल्यावरही तसेच दिसत राहिले. साहेबांची जीप मागून आली आणि आपण हसताना सापडलो तर, ही धास्ती होती. प्रत्येक थांब्यावर त्यांना वाटे, आता कोणी कागद घेऊन चढेल आणि म्हणेल, जुवाटकर, हुकमात दुरुस्ती आहे. रेडीला जाऊन त्यांनी पदभार सोपवला, ट्रंक भरली, धोंडूला ती डोक्यावर दिली. हिरा वाटेत भेटली.

"मास्तरांनू, खंय निघालास?"

"तोंडवलेक. बदली झाली."

"कालवांवरसून?" हिराने तोंडावर पदर घेतला. यावेळी ती हसली नाही. "आमच्या थट्टेन झाली काय? माका म्हायत असतां तर मी बोललेच नसतंय हो."

मास्तरांना तिला सांगावेसे वाटले, की बाई, तुझे उपकार झाले. पण तेही बोलण्याची सोय नव्हती. त्यांनी पडलेल्या चेहऱ्याने मान हलवली आणि ते चालू लागले.

तोंडवलीच्या शाळेत हजेरीपटावर सही केली तेव्हा कुठे त्यांनी पहिला मोकळा श्वास घेतला. शाळा घरापासून जवळ होती. सकाळी येताना ते आबांचा हात धरून त्यांना बरोबर आणत आणि ओसरीवर बसवत. तिथे मुलांच्या कलकलाटात आबा स्वस्थ असत. पाढ्यांचा गजर त्यांना खलाशांच्या ओरड्यासारखा वाटे आणि ते अधूनमधून "जोर लावा रे" म्हणून उत्तेजन देत. सुभद्रेने दोरी काढून विहिरीच्या रहाटाला लावली. भरतीच्या वेळी मास्तर फळ्याकडे पाठ करीत नसत. ओसरी दिसेल असेच उभे राहत. तेवढी धास्ती शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहिली, आणि ती त्यांनी तक्रार न करता वागवली.

मास्तरांची कीर्ती मात्र त्यांच्या आधी गावात येऊन पोहोचली होती. महिना झाला असेल नसेल. भूगोलाच्या तासाला चंद्रावती नावाची एक धीट मुलगी उभी राहिली. वर्गात आधीच खसखस पिकली होती. कोणीतरी तिला कोपराने ढोसले होते.

"मास्तर, मंगळार कालवां आसत?"

"नाहीत. बस खाली."

ती बसली नाही. तिच्या प्रश्नात थट्टा होती, पण थट्टा संपल्यावर उरणारी थोडी उत्सुकताही होती. "मगे पाणी? पाणी तरी होतां काय थंय? कधी तरी?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. खिडकीतून ओसरी दिसत होती. आबा खांबाला टेकून बसले होते, कोरडे, उन्हात डोळे मिटून. मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि मग वर्गात ते सहसा बोलत नसत त्या घरच्या बोलीत म्हणाले, "नाय. तसां लिवून दिलंय मी."

चंद्रावतीला काही कळले नाही. मास्तरांनी पुस्तक उघडले आणि जिल्ह्यातील पिके हा धडा वाचायला घेतला.